गळ्यापुरती कारवी

भागोजी ढेबे पन्नाशीला टेकला आणि रीतीप्रमाणे तळपायापासून गंजू लागला. त्या डोंगरात सगळेच गंजतात, त्यात नवल ते काय! मध चाटला की गंज उतरतो. फक्त फूल बरोबर हवं. जांभळाचा मध पायांना, हिरड्याचा छातीला, गळ्याला मात्र कारवीचाच. आणि कारवी फुलते सात वर्षांतून एकदा.

भागोजीने हयगय केली. सोमवारी गंज गळ्यात शिरला आणि त्याचं बोलणं थांबलं. त्याची बायको ठकूबाई तडक दवाखान्यात गेली.

"घरात पिंपभर मध आहे," ती म्हणाली.

"कोणत्या फुलाचा?" निकम कंपाउंडरने गंजाचा अर्ज पुढे ओढला.

"सगळ्याच. आमचे हे जे पोळं काढतील ते त्यातच ओततात. दोन वर्षांमागची कारवीही त्यातच गेली."

"मिश्र मध गंजाला चालत नाही, वहिनी. रविवारपर्यंत कारवी द्या, नाहीतर आवाज कायमचा गेला समजा."

जन्मभर त्या माणसाच्या बडबडीने ठकूबाईचं डोकं उठलं होतं. आता घरातली शांतता तिला खायला उठली. "बघतेच मी," म्हणत ती परतली.

तिने पिंप अंगणात ओढलं, झाकण काढलं आणि रानातल्या मधमाश्यांना बजावलं, "ज्या फुलाचं त्या फुलाला नेऊन द्या. गफलत नको."

चैत्र होता. माश्यांनी जांभळाचं जांभळाला पोचवलं, हिरड्याचं हिरड्याला. ठकूबाई जागची हलली नाही. भाकरीसुद्धा पिंपाशीच खाल्ली. मुंग्या आल्या की हाकलायची, शेजारणी हसल्या की त्यांनाही. शनिवारी माश्या यायच्या थांबल्या. तळाशी वाटीभर दाट मध उरला होता. त्याचं फूल रानात कुठेच नव्हतं, म्हणून तो कुणी नेला नव्हता.

दवाखान्यात निकमने त्या वाटीचा वास घेतला आणि अर्जावर शिक्का मारला. "कारवी."

तिने रात्रीपासून चमच्या-चमच्याने भरवला. रविवारी गळ्यावरचे पापुद्रे गळाले. भागोजी खाकरला. त्याची नजर अंगणातल्या पिंपाकडे गेली.

"अगं ए! तीस वर्षांचा मध कुठं घातलास? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

ठकूबाई त्याच्या गंजक्या पायांशी मटकन बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"अवं, थांबू नका," ती म्हणाली. "अजून बोला."