भोंग्यावरचं गाणं

व्यसन असावं, पण तंबाखूसारखं मुकं असावं. पिंपळगाव राजाच्या उकंडरावांचं व्यसन नेमकं गाणारं निघालं. खामगावच्या एका लग्नात त्यांनी बँडवर एक जुनं सिनेमाचं विरहगीत ऐकलं, ते मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि त्या दिवसापासून उकंडरावांना विरह जडला. (बायको शेजारी बसलेली असताना विरह कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती.) धार काढतानाही ते गाणं लावत आणि वर स्वतःही गात. शेवटी म्हैस पान्हा चोरू लागली, तेव्हा गीताबाईंनी सांगून टाकलं, की घरात पुन्हा ते गाणं वाजलं तर मोबाइल चुलीत जाईल.

मग उकंडरावांनी गाणं शेतात न्यायचं ठरवलं. तिथे हरभऱ्यात रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, हाकलायला बॅटरीचा भोंगा लावलेला होता आणि त्यात गीताबाईंचं ओरडणं भरलेलं होतं. त्या आवाजापुढे रोहीच काय, लग्नापासून उकंडरावही कधी उभे राहिले नव्हते. भोंग्यात एका वेळी एकच आवाज मावे (त्यांच्या घरासारखाच). उकंडरावांनी बायकोचा आवाज पुसला आणि गाणं भरलं. आयुष्यात प्रथमच त्यांना मोकळं मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको शेतात गेले, तर रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरून निवांत घाटे खात होता. वर भोंगा गात होता. घरची वर्षाची डाळ, बेसन, सगळं त्या वावरात उभं होतं.

"माहा आवाज कुठी गेला?" गीताबाईंनी विचारलं.

"अवं, जनावरं कशी शांत झाली पाय," उकंडराव म्हणाले.

गीताबाई दगड शोधू लागल्या. (दगड रोह्यांसाठी होता की कसं, ते कळलं नाही.) तेवढ्यात भोंग्यावर उकंडरावांचं लाडकं कडवं आलं. त्यांना राहवेना. डोळे मिटून, हात पसरून त्यांनी गळा मोकळा सोडला. डोळे उघडले तेव्हा वावर रिकामं होतं आणि शेवटचा रोही बांधावरून उडी घेत होता.

गीताबाईंनी हाती लागलेला दगड टाकून दिला, भोंगा खाली काढला आणि नवऱ्याला तेच कडवं पुन्हा म्हणायला लावून भरून घेतलं. लग्नानंतर बायकोने प्रथमच गायला सांगितलं, म्हणून उकंडरावांना भरून आलं.

राहिलेला हरभरा वाचला. ते रेकॉर्डिंग आजूबाजूच्या वावरांत गेलं, पार रोहिणखेडच्या सोयऱ्यांनीही मागून नेलं. शेजारचे भगवंतराव आभार मानायला आले, तेव्हा उकंडरावांनी लाजत विचारलं, की गाणं कसं काय वाटलं.

भगवंतराव चमकून म्हणाले,

"म्हंजे थे गाणं होतं काय? आमी तं समजून राह्यलो होतो, वयनीनं तुमाले बदडलं, तवाचं रेकॉर्डिंग हाय."