तांबट आळीतील दत्तकविधान

तांबट आळीखालच्या भुयारी गटाराने वार्धक्यामुळे निवृत्त होण्याचे मान्य केले. मात्र वारस दत्तक घेतल्यावाचून आळीचे सांडपाणी कोणाच्याही स्वाधीन करणार नाही, असे त्याने नगरपालिकेला कळवले.

मागणी रूढीला धरून होती. चूक अभियंता घैसास यांची झाली. त्यांनी गटाराला न विचारता शेजारून सिमेंटचा नवा पाइप टाकला आणि घराघरांच्या मोऱ्या त्याला जोडल्या. पाणी नव्या पाइपच्या तोंडाशी येई, थबके आणि परत फिरे. अनसूयाबाई खटावकरांच्या खानावळीत ते मोरीतून वर आले आणि चूल बंद पडली. जेवणारी माणसे स्टेशनकडच्या खानावळीत जाऊ लागली. जिभेला तिकडची सवय लागली की ती परतणार नव्हती.

घैसास चेंबरपाशी उकिडवे बसले. "पाइप रीतसर खरेदी केलेला आहे," ते म्हणाले.

"विकत घेतलेल्याला वारस म्हणत नाहीत," गटार खालून म्हणाले. "याचे आईबाप कोण?"

प्रश्न योग्य होता. दत्तकविधानात देणाऱ्याने हातावर पाणी सोडून मूल द्यावे लागते. त्यावाचून ते घेणाऱ्याचे होत नाही. म्हणून पाइप ओतणारे कंत्राटदार शेलार यांना बोलावले. त्यांनी नकार दिला.

"साच्यातून काढल्यापासून ओल्या गोणपाटात जपलाय याला. दिला की माझं नाव जाणार."

"तिन्ही लेकी दिल्यास ना रे?" अनसूयाबाई म्हणाल्या. "तेव्हा एवढं तोंड पाडलं नव्हतंस."

"लेकी सणाला येतात, वहिनी. हा येणार आहे का?"

यावर गटारच बोलले.

"तुम्ही या. दिवाळीला झाकण उघडं ठेवीन. पाहुण्याचा मान मिळेल."

शेलारांनी पाइपवरचे स्वतःचे नाव छिन्नीने स्वतःच उतरवले आणि हातावर पाणी सोडले. वारसाला मांडीवर घेणे आवश्यक असल्याने गटाराची मांडी कोठे मानावी, याविषयी काही मतभेद झाला. तळ जेथे रुंद होतो, ते स्थान सर्वांनी ग्राह्य धरले. पाइपचे टोक तेथे टेकवले. घैसासांनी साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. सकाळच्या पंगतीला निम्मीच माणसे आली. भांडी घासली गेली, आणि पाणी न थबकता खाली उतरले. थोड्या वेळाने मोरीतून कोवळा आवाज आला.

"आमटीत चिंच जास्त झाली."

अनसूयाबाई पळी हातात धरून थांबल्या. "आणखी काही?"

"गूळ घाला थोडा. स्टेशनकडे घालत नाहीत."

त्यांनी गूळ घातला. संध्याकाळच्या पंगतीला उरलेली माणसेही आली.