तीस पावलांवरील उत्तरपूजेची हकीकत

गजाननास वंदन करोन, जे घडले तेच लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके एकोणीसशे एकेचाळीस, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचा दिवस. एका राज्यात बंद कारखान्यातील नळांचे सांधे पारखणारे यंत्र गहाळ जाहले. आत किरणोत्सारी धातूची बोटभर कांडी. सरकारच्या अधिकारी मंदाकिनीबाई दळे माग काढीत निघाल्या, आणि लोखंड वितळविणारे खंडेराव पांचाळ यांचे दारी पावल्या, तो किरणमापक कटकटू लागला. मागे एके नगरी बाई एक दिवस उशिरा पोचल्या होत्या आणि तेथील ऐसीच एक कांडी वितळून अवघी पेठ उठवावी लागली, ते शल्य त्यांचे उरी होते.

पांचाळांनी भंगारात आलेला त्या यंत्राचा शिशाचा लहान डबा लक्ष्मी मानोन हत्यारांत मांडिला, हळदकुंकू वाहिले. घरची रीत ऐसी, की पुजलेली पहिली जिन्नस मुहूर्तावर भट्टीत प्रथम जावी. मुहूर्तास घटका उरली होती. बाईंनी आधी मंडळी तीस पावले मागे सारिली आणि मग सांगितले, "पांचाळ, झाकण निखळले आहे. हे वितळले तर तुमची पेठ राहायची नाही."

पांचाळ म्हणाले, "बाईसाहेब, तुमचे खोटे म्हणत नाही. पण अक्षता पडल्यात. उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावू द्यायचा नाही मी."

"मग करा की. इथूनच."

"इथून अक्षता पोचतील होय?"

"मी पोचवते. तुम्ही मंत्र म्हणा."

मग बाईंनी हातमोज्यात अक्षता घेतल्या, सहा हात लांबीचा चिमटा उचलिला आणि एकट्या पुढे गेल्या. काय धीर म्हणावा! पांचाळ दुरून मंत्र म्हणत होते. बाईंनी अक्षता वाहिल्या, उत्तरपूजेस देव हलवितात तैसा डबा किंचित हलविला आणि चिमट्याने उचलोन सोबत आणिलेल्या नव्या जाड शिशाच्या पेटीत ठेवून झाकण आवळिले. चाळीस मोजेतो काम फत्ते. मग मापक फिरवोन जागा निर्धोक असल्याची खात्री केली.

"कुठे बसवणार आता?" पांचाळांनी पुसिले.

"सरकारी तळघरात, काँक्रीटच्या भिंतीआड. तिथे कायमचा पहारा आहे."

पांचाळांनी पागोटे काढोन हात जोडिले. बाईंचे डोळे भरले, ते त्यांनी लपविले नाहीत.

मुहूर्तावर भट्टी पेटली आणि आत निव्वळ लोखंड होते. इत्यलम्. मोहीम जाहली, कोणी पडले नाही, पेठेत दिवाळी नेहमीसारखी जाहली. फत्ते ऐसी, की कोणास कळलीही नसती, म्हणोन लिहून ठेविले.