समजा, गुडघ्यात एक म्हातारी राहते

सकाळी दवाखाना उघडला, पहिला पेशंट आत आला आणि खुर्चीवर टेकता टेकता म्हणाला, "डॉक्टर, बोललो मी तिच्याशी. पण ती काही उत्तर देईना."

"कोण?" डॉक्टरांना वाटलं, घरातलं भांडण असेल.

"म्हातारी हो! गुडघ्यातली!"

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की पेशंटच उठून म्हणाला, "पाणी आणू का?"

झालं होतं असं, की डॉक्टरांचं अक्षर महाभयंकर. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही लागायचं नाही. म्हणून पेशंटना पथ्यपाणी सांगायचं ते फोनवर बोलून. दवाखान्याचा एक ग्रुप होता, त्यावर रोज संध्याकाळी डॉक्टरांचा आवाज यायचा. बोलायची तऱ्हा ठरलेली. "समजा, तुमची रक्तवाहिनी म्हणजे पाण्याचा पाइप आहे." "समजा, तुमचं पोट म्हणजे गोदाम आहे." समजा म्हटल्याशिवाय या माणसाची गाडी स्टार्टच व्हायची नाही. आणि मग सांगतील ते पेशंट निमूट करायचे. गोदाम रिकामं ठेवा म्हटलं, ठेवलं रिकामं.

आता डॉक्टरांना एक खोड होती. ते गोष्टी रचायचे. बायको गेल्यापासून जरा जास्तच. चंद्रावर सर्दी झालेला माणूस, मुंग्यांची दाढ काढणारी मुंगी, असलं काहीबाही. त्याही फोनवर बोलायच्या आणि लांब राहणाऱ्या लेकीला पाठवायच्या. लेक म्हणायची, "ऐकते हं बाबा, जरा निवांत मिळालं की." निवांत काही तिला मिळत नव्हतं. तिनं ऐकलं की गोष्टीखाली निळी खूण उमटणार. ती उमटली का, हे डॉक्टर जेवताना बघायचे, हात धुताना बघायचे, आणि ओल्या बोटानं फोन पुसत परत बघायचे. घरात बोलायला दुसरं होतं कोण? फ्रिज तेवढा अधूनमधून घुर्र करायचा.

आदल्या संध्याकाळी त्यांनी नवी गोष्ट सांगितली आणि अंगठा एक ओळ खाली पडला. लेकीची गोष्ट गेली पेशंटच्या ग्रुपवर.

गोष्ट अशी होती. "समजा, तुमच्या डाव्या गुडघ्यात एक म्हातारी राहते. तिच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून ती आतून ठोठावते. तेच तुमचं दुखणं. मग रोज संध्याकाळी तुम्ही गुडघ्यावर टकटक करता, म्हणता, काय आजी, बरं आहे ना? दिवसभराचं सगळं तिला सांगता. ती ऐकत बसते आणि ठोठावायचं विसरते." शेवटी एक दिवस माणूस घरी येतो, टकटक करतो, आतून काहीच नाही. गुडघा हलका. म्हातारी निघून गेलेली. माणूस तिथंच पायरीवर बसतो. संपली गोष्ट.

पेशंटनी ती ऐकली, मान डोलावली, पाय पसरले आणि टकटक सुरू केली.

"अहो, ते औषध नव्हतं!" डॉक्टर त्या पहिल्या पेशंटला म्हणाले.

"मग?"

"गोष्ट होती."

पेशंटनं थोडा विचार केला. "बरं. मग ही गोष्ट किती दिवस घ्यायची?"

दुसरी आली ती एक काकू. तिचं दुखणं वेगळंच. "डॉक्टर, आमचे हे माझ्याशी कधी दोन शब्द बोलले नाहीत. आता गुडघ्याशी गप्पा मारतात. ऑफिसात साहेब काय म्हणाला, पाकिटावरून कुणाशी वाजलं, सगळं! मला कळायचं असलं तर मी जाऊन गुडघ्याशेजारी बसायचं."

"मग तुम्हाला त्रास काय होतोय?"

"त्रास नाही हो. दुसरा गुडघा कधी दुखेल, ते विचारायला आले."

तिच्या मागून एक सासू-सून. सुनेची तक्रार, की सासूबाई गुडघ्याजवळ तिच्या चुगल्या करतात. "मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, डॉक्टर!" सासू म्हणाली, "म्हातारीला कमी ऐकू येत असेल, तर मी काय करू?" मग एक पाठदुखीवाला आला. पाठीशी समोरासमोर बोलता येत नाही म्हणून त्यानं दोन आरसे लावले होते आणि ते बघण्याच्या नादात मानही धरली होती.

कंपाउंडर दारात उभा राहून सगळं ऐकत होता. वर्षानुवर्षं याच दारात उभा राहिलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, आज बाहेर एकही जण रांगेत भांडत नाहीये. सगळे आपापल्या गुडघ्याशी बोलतायत. शांतता आहे नुसती."

डॉक्टर हसले असते. पण खरं सांगायचं तर त्यांना आत कुठंतरी खुपत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गोष्ट एवढ्या लोकांनी कानांत प्राण आणून ऐकली होती, आणि एकालाही ती गोष्ट वाटली नव्हती. कुणीतरी म्हणावं, काय झकास रचलीत हो, किंवा काय भिकार रचलीत. एवढंच हवं होतं त्यांना. मिळालं काय, तर जेवणाआधी बोलायचं की जेवणानंतर.

दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, तुझी एक गोष्ट चुकून दुसरीकडे गेली."

"असू दे बाबा," ती घाईत म्हणाली. "नाहीतरी माझं मागचंच ऐकायचं राहिलंय. ठेवू? मीटिंग आहे."

"ठेव, ठेव," डॉक्टर म्हणाले. फोन बंद झाल्यावरही ते थोडा वेळ तो कानाला लावून बसले.

आणि मग खरी पंचाईत झाली. एका रिटायर्ड ड्रायव्हरला दोघांनी धरून आणलं. चक्कर आली होती. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं तर आकडा छपराला टेकलेला.

"गोळ्या घेताय ना?"

"बंद केल्या की. कालपासून बोलतोय ना मी."

"कुणाशी?"

"गुडघा दुखत नाही माझा. म्हणून डोक्याशी बोललो."

डॉक्टर घामाघूम. ड्रायव्हरला गोळी दिली, आडवं केलं, आकडा खाली येईपर्यंत जागचे हलले नाहीत. मग फोन घेतला आणि ग्रुपवर जीव तोडून सांगितलं. "हे बघा, कालचं औषध नव्हतं. ती मी मनानं रचलेली गोष्ट होती. गुडघ्यात कुणी म्हातारी नाही. गोळ्या बंद करू नका." बोलताना त्यांनी मुद्दाम एकदाही समजा म्हटलं नाही.

मिनिटभरात उत्तरं आली. "बरं डॉक्टर. गोळी आधी, मग गप्पा." "डॉक्टरांवर औषध कंपन्यांचा दबाव आलेला दिसतोय. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." "आमची म्हातारी नाही म्हणता, मग काल रात्री हसलं कोण?" आणि काकूनं विचारलं होतं, "गोष्ट म्हणजे नवीन औषध का? आमच्या ह्यांना लागू पडलंय, बंद करू नका."

डॉक्टरांनी फोन खणात टाकला. "गोळ्या घेतायत ना, झालं," ते कंपाउंडरला म्हणाले. "बाकी आपण परत काही रचायचं नाही. माणसानं नाडी बघावी आणि गप घरी जावं."

"घरी जाऊन काय करणार?" कंपाउंडरनं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी दवाखाना आवरायच्या वेळेला कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली बाई आली. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि चेहरा भांडायला आल्यासारखा.

"बोट भाजलं," ती म्हणाली.

"कशानं?"

"तुमच्यानं!"

डॉक्टरांनी फडकं सोडलं. बोटावर एवढासा फोड. "माझ्यानं कसं?"

"आज दुपारी तुमचं ते ग्रुपवरचं लावलं फोनवर. म्हटलं इस्त्री करता करता ऐकावं. तो माणूस घरी येतो, टकटक करतो, आणि आत कुणीच नाही. माझा हात थांबला तो थांबलाच. गिऱ्हाइकाची पँट गेली, बोट गेलं."

"मग तुम्ही गुडघ्याशी बोललात?" डॉक्टरांनी दमलेल्या आवाजात विचारलं.

"मला काय वेड लागलंय? गोष्ट होती ती!"

डॉक्टरांच्या हातातली मलमाची ट्यूब हातातच राहिली.

"पण मला एक सांगा," बाई पुढं सरकली. "ती म्हातारी गेली कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"दुसरा गुडघा काय असा वाटेत मोकळा पडलेला असतो, की ही जाऊन राहील? आणि एवढं त्यानं सगळं सांगितलं तिला, तिनं जाताना एक शब्द सांगू नये? हे काही मला पटलं नाही बुवा. आळस केलात तुम्ही."

"आळस?" डॉक्टर ताठ झाले. "अहो, जाणारं माणूस सांगून जातं थोडंच?"

"खऱ्यात नाही जात," बाई म्हणाली. "माझाही नवरा कुठं सांगून गेला? म्हणून तर म्हणते. गोष्टीत तरी सांगून जावं की!"

डॉक्टरांनी ट्यूबचं झाकण उघडलं. त्यांनी मलम लावलं, पट्टीची गुंडाळी घेतली आणि बोटाभोवती पहिला वेढा घातला.

"समजा," ते हळूच म्हणाले, "ती गेली नाही. वर गेली. मांडीतून, पोटातून, फिरत फिरत. तिला आणखी कुणाचा तरी आवाज येत होता."

"कुणाचा?"

"तेच तर सांगतोय."

"मग नीट सांगा. घाई करू नका. नाहीतरी या हातानं आता इस्त्री होत नाही."

कंपाउंडर कुलूप घेऊन आत आला. डॉक्टर बोलत होते, बाई मध्येच त्यांना अडवत होती, आणि एवढ्याशा फोडासाठी सुरू झालेली पट्टी मनगट ओलांडून कोपराकडं निघाली होती. त्यानं थोडा वेळ बघितलं. मग कुलूप बाजूला ठेवलं, कपाट उघडलं आणि पट्टीची दुसरी गुंडाळी गुपचूप टेबलावर आणून ठेवली.