शीतजल मंडळाचे चिटणीस सासरी

थंड पाण्यात उडी मारण्यासाठी पाण्यापेक्षा संघटनेची गरज अधिक असते. हे सत्य नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिककरांना उमगले आणि इंदिरानगरात 'शीतजल साहस मंडळ' स्थापन झाले. मंडळाला घटना होती, टोप्या होत्या, अध्यक्ष म्हणून यादवसर होते (ते काठावरही स्वेटर काढत नसत, अध्यक्षाने परिस्थितीपासून अलिप्त राहावे, असे घटनेत आहे). थंडीत दर रविवारी पहाटे सभासद स्कूटरवरून गोदाकाठी जमत, खांद्यावर टॉवेल टाकून धैर्य या विषयावर चर्चा करीत आणि मिसळ खाऊन घरी परतत. पहिल्या तीन हंगामांत फक्त एकच सभासद पाण्यात गेला. पुंजा नावाचे हे गृहस्थ शेवाळावरून घसरले होते. अहवालात त्याची नोंद 'अनौपचारिक प्रवेश' अशी आहे.

चिटणीस होता ललित. कॉम्प्युटर क्लासात शिकवणारा, नुकतेच लग्न झालेला आणि मे महिन्यात उत्तम पोहणारा. उडीआधीच्या टप्प्यांचा तक्ता त्यानेच बनवला होता: बोट बुडवणे, बोट काढणे, त्यावर विचार करणे, वगैरे. मंडळाचा सर्वांत महत्त्वाचा नियमही त्याचाच: 'पाणी कोमट आहे' असे काठावरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तसे सांगणारा नेहमी दुसऱ्यालाच पुढे ढकलत असतो, हा सर्वांचा अनुभव होता.

बायको शुभांगीला मात्र या सगळ्याचा भाबडा अभिमान. तिने तो बागलाणात, सटाण्याजवळच्या माहेरी जाऊन सांगितला, आणि पहिल्या संक्रांतीला जावई आले तेव्हा सासरे भिमाजी त्यांना पहाटेच मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. कांदा लागणीच्या बाया, शेजारपाजार, दोन चुलतसासरे, सगळे काम सोडून काठावर उभे. विहिरीतून वाफा निघत होत्या. ललितने त्या पाहिल्या आणि वाफा बर्फातूनही निघतात, हे त्याला नेमके आठवले.

"पानी कोमट शे, जवाईबापू. मारा उडी," भिमाजी म्हणाले.

नियम लागू झाला. पाणी पुरुषभर खाली असल्याने बोट बुडवणे हा पहिला टप्पा अमलात येईना, म्हणून ललित थेट तिसऱ्यावर गेला आणि विचार करू लागला. विचार इतका लांबला की बाया खाली बसल्या. एकीने तंबाखू मळायला घेतली. शुभांगीचे तोंड उतरले.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, सरळ नको म्हणा हवं तर. पण असे उभे राहू नका. मी इथं सगळ्यांना सांगून बसलेय."

हे म्हणणे घटनेच्या कुठल्याच कलमात बसत नव्हते. ललितला खरोखरच लाज वाटली. तिचा तो चेहरा त्याला बघवेना. त्याने डोळे मिटले आणि उडी मारली.

पाणी कोमट होते.

थंडीत विहिरीचे पाणी कोमटच असते, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ललित सुखावला. हातपाय मारले, उताणा तरंगला. शुभांगी सगळ्यांकडे बघून हसली. मग त्याने खांदे बाहेर काढले, आणि बागलाणातली जानेवारीची हवा त्याला लागली. तो पुन्हा हनुवटीपर्यंत आत गेला.

"आते बाहेर या," भिमाजी म्हणाले.

"अजून थोडं," ललित म्हणाला.

जावयाला घाई करण्याची रीत नाही. चहाची वेळ झाली तेव्हा किटली बादलीत ठेवून दोराने खाली सोडण्यात आली. त्याच मार्गाने पुढे गुळाची पोळी गेली (तूप वेगळ्या वाटीत). लाईट आली, पण विहिरीत जावई असताना मोटर कोण सुरू करणार? लाईट आली तशी गेली, आणि कांद्याची रोपे त्या दिवशी तहानलेली राहिली. ऊन पार पाण्यावर उतरले तेव्हा ललित बाहेर आला. शुभांगी काठावर नव्हती.

बातमी नाशकात पोचली तेव्हा 'जानेवारीत, उघड्यावर, साडेपाच तास' एवढीच उरली होती. तिन्ही गोष्टी खऱ्या असल्याने चिटणिसांनी दुरुस्ती सुचवली नाही. शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. बाहेर येण्याचा मोह त्यांनी किती निग्रहाने टाळला, यावर यादवसर बराच वेळ बोलले. पहिल्या रांगेतल्या शुभांगीने टाळ्या वाजवल्या नाहीत (थंडीमुळे हात पदरात असावेत, असे अहवाल म्हणतो).

त्याच सभेत घटनादुरुस्ती झाली: यापुढे धैर्य उडीवरून मोजायचे नाही, आत काढलेल्या वेळावरून मोजायचे. तेव्हापासून सभासद भराभर वाढत आहेत.

वाचकहो, आपणही अर्ज करायला हरकत नाही. पाण्यात उतरण्याची अट नाही. एकाच खुर्चीत पंचवीस वर्षे काढली असली तरी चालते. बाहेर गारठा होता म्हणून आत राहिलात का, असे कोणी विचारणार नाही. शाल तयार आहे. फक्त तेवढा वेळ आपल्यामुळे कोणाची मोटर बंद राहिली, हा रकाना कोरा सोडावा. सगळेच सोडतात.