एकवीस किलो बोंबील आणि एक नकली फोन

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही मोबाईल रुसला की तो आधी माझ्याकडे येतो. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, उगाच नाही! म्हणून मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आई म्हणाली, "हर्षवर्धन, आज उद्यापन आहे. पाचला बायका हळदीकुंकवाला येतील, घरात गोंधळ नको," तेव्हा मी हसलो.

"आई, मी फक्त एम्युलेटर लावतोय. लॅपटॉपच्या पडद्यावरचा नकली फोन. त्यात काहीही केलं तरी बाहेर काडी हलत नाही."

त्या फोनवर मला मासळीचं अ‍ॅप तपासायचं होतं. ऑफिसातला डॉमनिक आणि मी ते त्याच्या आईसाठी बनवत होतो. लुईझामावशी अर्नाळ्याला मासळी विकतात.

एम्युलेटर उठेचना. आधी म्हणाला, व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. लॅपटॉप बंद करून, आतल्या सेटिंगमध्ये शिरून ते चालू केलं. मग म्हणाला, जागा कमी आहे. मी लग्नाचा व्हिडिओ उडवला. बायकोला हे अजून माहीत नाही.

बाराला अ‍ॅप उघडलं. तीन किलो बोंबील निवडले, 'ऑर्डर द्या' दाबलं. चाक नुसतं फिरत राहिलं. पुन्हा दाबलं. असं सात वेळा, शेवटी तर दात-ओठ खाऊन. लॅपटॉपचा पंखा इतका घरघरला की आई म्हणाली, "मिक्सर बंद कर रे." मी वैतागून झोपलो.

पाचला नऊ बायका जमल्या. चौरंगावर घट, हातात केशरी दूध. बेल वाजली. दारात लुईझामावशी, मागे दोन टोपल्या घेऊन रिक्षावाला.

"हर्षवर्धन कोन? एकवीस किलो बोंबील आनलेत."

डॉमनिकने आदल्या दिवशी अ‍ॅपला आपल्या आईचा, म्हणजे मावशींचा, खरा नंबर जोडला होता. मी तो काढायला विसरलो होतो.

"मावशी, ते टेस्टिंग होतं."

"सात येला मागितलंस, बाबा. माझ्याकडं एवढे नव्हते, शेजारनींचे घेऊन आले. आता कोनाला देऊ?"

वास घटापर्यंत पोचला. आई उठली. महिनाभराचं तिचं व्रत मी शेवटच्या दिवशी बुडवलं होतं, मला खरंच लाज वाटली. पण उद्यापनाला दारात आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवणं तिच्या तत्त्वात बसेना.

"टोपल्या जिन्यात राहू द्या. तुम्ही आत या, दूध घ्या."

मावशी पाय धुऊन बसल्या. पाच मिनिटांनी शेजारच्या मनोरमाकाकूंनी आईला हळूच विचारलं, "उद्या शुक्रवार. डबा घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवला, तर बोंबील आज घरात आले असं धरायचं का?"

आईने घटाकडे पाहिलं. "झाकण लागलं की नाही धरायचं."

सातपर्यंत टोपल्या रिकाम्या! मावशी खूश होऊन मला शोधत आतल्या खोलीत आल्या. लॅपटॉपवरचं चाक नुकतंच थांबलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'क्षमस्व, तुमची ऑर्डर गेली नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"काय लिवलंय रे?" मावशींनी विचारलं.

"ऑर्डर मिळाली म्हणतोय," मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.