सराट्यांचे कंडक्टर

आमच्या शेजारचे गुलाबकाका रोज सकाळी चपला काढून अंगणात उतरतात आणि पायात काटा रुतला की खूश होतात. "सापडला विदाउट!" असं ओरडून तो सराटा चिमटीत धरतात आणि "चला, उतरा!" म्हणत डब्यात टाकतात. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर तिकिटाचं मशीन डेपोत जमा केलं, आवाज मात्र घरी आणला. कोंबड्यांनासुद्धा "पुढं सरका, पुढं सरका!" करतात.

मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, कळत नाही. पण आमच्या ढाणकीसारख्या गावात काकांनी अंगणात लॉन लावायला घेणं हे काही शहाण्याचं काम नाही. इथे सगळं गाव गवत उपटून पोट भरतं. माझी आई कापसात निंदायला जाते. काकांना लॉनसाठी माती चाळताना पाहून ती कुंपणाशीच थांबली.

"काहून हो भाऊजी, गवत पाह्यजे होतं तं मले सांगाचं. वावरातलं आणून देलं असतं!"

"ते उभ्यानं जाणारं गवत हाय वहिनी. हे रिझर्वेशनचं."

काका एकटेच राहतात. कणकेची चाळणी आता मातीला लागली आहे, त्यामुळे त्यांच्या पोळीत काय काय असतं ते विचारू नये. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून त्यांनी अंगण वीतभर खणलं, ढेकळं फोडली, रेती मिसळली. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून मला 'साहेब' म्हणतात, सल्ला विचारतात आणि ऐकत नाहीत. शेणखत कुजलेलं घ्या, एवढंच मी भीतभीत म्हटलं होतं. त्यांनी ताजंच आणलं. पाणी मारताच त्यातून सराट्यांची नवी पलटण उगवली. पुन्हा खणणं, पुन्हा चाळणं. दिवाळी तोंडावर आली, लॉनची एक काडी नाही.

परवा तर कहर झाला. काका सपाट केलेल्या मातीवर चक्क रांगत होते. मला हसू आवरेना.

"काका, हे काय करून राह्यले?"

"पाय निबर झाले बे साहेब. बारीक सराटा समजत नाही. हाताले समजते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या दिवाळीले नात रांगत अंगणात आली, तं तिच्या हातात सराटा घुसला. सून दुसऱ्याच दिवशी तिले घेऊन पुण्याले गेली. म्हणे, बाबा, इथं लेकरू खाली कुठं सोडावं?"

मला राहवलं नाही. "पण काका, आता तं ते चालत असन."

काकांनी चारी हातपायांवरूनच मान वर केली.

"चालते. फोनवर दिसते न," ते म्हणाले. "पण नवं नवं चालणारं लेकरू पडते. पडलं तं हातावरच पडन."

आणि तळहात मातीत दाबत ते पुढे सरकले.